आधीचा गवंडी

"कुठल्या गाढवानं केलंय हो हे काम?" असं मी मोठ्याने म्हणालो, मागच्या गल्लीत सहज ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि म्हणता म्हणता भिंतीवर हात ठेवला. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे. जुन्या घराच्या पाहणीला गेलेला गवंडी आधीच्या गवंड्याला शिव्या दिल्याशिवाय खिशातून टेप काढत नाही. मालकालाही ते बरं वाटतं. आपण फसलो होतो, पण आता योग्य माणूस आलाय, असं त्याच्या मनात बसतं आणि तो आपण होऊन चहाचं विचारतो. मला हे फार चांगलं जमतं. कपाळाला हात लावावा, मान हलवावी, एक मोठा सुस्कारा सोडावा आणि मग गाढवापासून सुरुवात करावी. त्या सकाळी तर मला खराच जोर चढला होता, कारण भिंत खरोखर वाया गेली होती. घराची मालकीण दातांची डॉक्टर. खालच्या मजल्यावर तिचा दवाखाना, वर राहणं. पुढची भिंत पाहून झाली होती, ती धडधाकट होती. मग ती मला बाजूच्या बोळातून मागे घेऊन आली आणि भिंतीवर पसरलेला वेल तिने दोन्ही हातांनी ओढून बाजूला केला. दगड मऊ जातीचा, पिवळसर. दोन दगडांमधली जी फट असते तिला आम्ही दरज म्हणतो. त्या सगळ्या दरजा सिमेंटने भरलेल्या, वर उठावदार गोलाई काढलेल्या. सिमेंट जागच्या जागी होतं आणि दगड मात्र दोन-दोन बोटं आत झिजले होते, त्यामुळे नुसतं दरजांचं जाळं पुढे आलेलं दिसत होतं. एका दगडावर मी टिचकी मारली तर बशीएवढा पापुद्रा माझ्या तळहातावर उतरला आणि तिथेच त्याची पूड झाली.

मी डॉक्टरला सगळं समजावून सांगितलं. भिंत ओली होते, मग वाळते. जुन्या लोकांनी ती चुन्यात बांधली, कारण चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि आतली ओल दरजेतून निघून जाते. या शहाण्याने दरजेत सिमेंट ठासलं. ओलीची वाट बंद झाली. मग ती दगडाच्या तोंडातून बाहेर पडते आणि जाताना दगडाचं तोंड घेऊन जाते. "म्हणजे दातापेक्षा कडक फिलिंग," डॉक्टर म्हणाली. "फिलिंग तसंच राहतं, दात तुटतो." इतक्या लवकर हे समजलेला मालक मी आजवर पाहिला नव्हता. खूश होऊन मी आणखी एक ठेवणीतली शिवी काढणार होतो, तेवढ्यात माझा अंगठा दरजेवरून पुढे सरकला. गोलाईवर, वरच्या कडेजवळ, एक बारीक रेघ होती. केसाएवढीच, पण सलग. मी खालच्या दरजेवरून बोट फिरवलं. तिथेही तीच. दरज ओढायच्या लोखंडी पट्टीच्या तोंडाला खोच पडलेली असेल तरच अशी रेघ उठते, आणि अशी एक पट्टी माझ्याकडे होती. मी कामाला लागलो तेव्हा बाबांनी गाडीच्या जुन्या पाट्यातून ती मला घडवून दिली होती आणि पहिल्याच महिन्यात ती वरून दगडावर पाडून मी तिला खोच पाडली होती. मी मागे वळून पाहिलं. मागे गल्ली, गल्लीपलीकडे तिमजली इमारती, गॅलऱ्यांतून वाळत टाकलेल्या चादरी. या सगळ्याच्या जागी तेव्हा मोकळं मैदान होतं. आम्ही मैदानातूनच कामावर यायचो, मागच्या फाटकाने, त्यामुळे घराची पुढची बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. एकतीस वर्षं झाली होती त्याला. गाढव मीच होतो.

"काय झालं, मिस्त्री?" डॉक्टरने विचारलं.

"काही नाही. बघतोय."

"मला ना, त्या माणसाला एकदा भेटायचंय. शोधून काढता येईल का? घराच्या कागदांत नाव नाही त्याचं."

"तो मेला," मी म्हणालो.

"अरेरे. ओळखत होतात का तुम्ही?"

"तोंडओळख होती."

आणि मी ते काम घेतलं. का घेतलं ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. नाही म्हणायला शंभर सबबी होत्या, आणि सबबी सांगण्यात मी कुणाला हार जाणारा नाही. पण टेम्पोत बसल्यावर लक्षात आलं की स्टिअरिंगवर माझा हात अजूनही ती रेघ चाचपत होता. मी डगमगणाऱ्यातला नाही. सत्तावन्न वर्षांचा आहे, आजही परांचीवर चढताना कुणाचा हात धरत नाही, माझी उभी केलेली भिंत ओळंब्याला केसभरही हटत नाही आणि हे मी चारचौघांत सांगतो. चूक कबूल करायची पाळी आली तर ती मी जोरात कबूल करतो, म्हणजे ऐकणाऱ्याला ती मोठेपणाच वाटते. पण ही चूक तसल्यातली नव्हती. सिग्नलला थांबलो असताना मी स्वतःची वकिली सुरू केली. तेव्हा सगळेच सिमेंट वापरत होते. सिमेंट म्हणजे तेव्हा पक्कं, नवं, शिकलेल्या माणसाचं काम. चुना म्हणजे मागासलेपण. मोठमोठे इंजिनिअर फसले, तिथे माझ्यासारख्या सव्वीस वर्षांच्या पोराची काय कथा? वकिली चांगली चालली होती, पण हिरवा दिवा लागला तेव्हा ती कोसळली, कारण सगळे फसले हे खरं नव्हतं. एक माणूस फसला नव्हता. त्याने मला त्याच भिंतीपाशी, त्याच परांचीवर सांगितलं होतं, आणि तो माझा बाप होता.

बाबांनी तेव्हा मागच्या मैदानात खड्डा खणून तीन आठवडे आधी कळीचा चुना भिजत घातला होता. खड्ड्यावर ओली पोती, त्यावर फळ्या. रोज सकाळी फळी उचलून ते चुन्यात बोट बुडवायचे आणि बोटावरून तो कसा ओघळतो ते पाहायचे. मला त्याचा संताप यायचा. माझ्या डोक्यात पुढची चार कामं होती. भिंतीचा उजव्या हाताचा वरचा कोपरा त्यांनी चुन्याने भरायला घेतला होता. दिवसात जेमतेम दोन हात काम व्हायचं. तेव्हाचे मालक खाली घडीच्या खुर्चीवर बसून वर बघायचे. चौथ्या दिवशी मी सिमेंटची गोणी आणून त्यांच्यासमोर उभी केली. बाबा वरून म्हणाले, "हा दगड सिमेंट खपवून घेणार नाही." मालकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मी हसत हसत, हो, हसत हसतच, म्हणालो, "बाबा, तुमचं आता वय झालं. तुम्ही खाली बसा." मालक खो-खो हसले. बाबांनी थापी ओल्या पोत्याला पुसली, फळीवर ठेवली आणि ते खाली उतरले. कोपरा अर्धाच राहिला. बावन्न वर्षांचे होते ते तेव्हा, माझ्या आजच्या वयापेक्षा पाच वर्षांनी लहान. त्यानंतर ते पुन्हा कधी परांचीवर चढले नाहीत. एका शाळेत शिपाई म्हणून लागले, घंटा द्यायला, आणि निवृत्त होईपर्यंत घंटा देत राहिले. चुन्याचा खड्डा मी माती टाकून बुजवला.

आमच्या घरात त्यावरून भांडण झालं असतं तर फार बरं झालं असतं. भांडण मला झेपतं. पण बाबांनी ते केलं नाही. माझ्या लग्नात ते पुढे होते, माझ्या दोन्ही मुलींना त्यांनी खांद्यावर फिरवलं, आजही मी घरी आलो की "जेवलास का?" आणि "टेम्पो नीट आहे ना?" हे दोन प्रश्न ठरलेले. कामाबद्दल मात्र एकतीस वर्षांत एक शब्द नाही. मी मोठमोठी कामं केली, एकदा पेपरात माझा फोटो आला, तो मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "शर्ट छान आहे." आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूने डोळे गेलेत, उजेड आणि सावली एवढंच कळतं. ओसरीत खुर्ची टाकून बसतात, रस्त्यावरचे आवाज ऐकतात. आणि मला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, चुना येत नाही. दहा वर्षांपासून जुन्या घरांना पुन्हा चुना लावायची चाल आलीय, तर मी त्यावर बोलतो, सल्ले देतो, उंटावरून शेळ्या हाकतो. स्वतःच्या हाताने चुन्याची एक दरज मी भरलेली नाही. ओळखीच्या दोन गवंड्यांना विचारलं. एकाने तोंडावर सांगितलं की आपल्याला दगड कळतो, चुना नाही. दुसरा म्हणाला, मला सगळं येतं, आणि तो थापा मारतोय हे मी लगेच ओळखलं, कारण थापा कशा मारतात ते मला चांगलं माहीत आहे. राहता राहिला खुर्चीतला माणूस. तो गेला की चुना त्याच्याबरोबर जाणार, आणि माझं त्याच्याशी जे बोलायचं राहिलंय तेही जाणार. टेम्पो दारात लावता लावता मला हे इतकं स्पष्ट दिसलं की मी इंजिन बंद करायचं विसरलो आणि ही आतून ओरडली, "अहो, गाडी चालूच आहे!"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी बाबांना विचारलं नाही. चुना आणला, वाळू आणली, अंगणात पत्रा टाकला आणि दोन जुने पिवळे दगड मांडून त्यांच्यामधली दरज भरायला बसलो. सिमेंट कालवणाऱ्याचा हात चुन्यात काय करतो? घट्ट वाटलं की पाणी घालतो. पहिली दरज दुपारपर्यंत तडकली. दुसरी चार दिवसांनी बोटाने कोरली तर भुगा. तिसरी आपण होऊन सुटून पडली, आख्खीच्या आख्खी, तिला दगडाशी काही देणंघेणंच नव्हतं. बाबा ओसरीवर बसलेले असायचे. पहिल्या दिवशी फावड्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी चेहरा इकडे वळवला. दुसऱ्या वेळी खुर्ची थोडी पुढे ओढली होती. तिसऱ्या वेळी खुर्ची पायरीच्या अगदी काठावर होती, आणि ते तोंड घट्ट मिटून बसले होते. बोलायचं नाही असं ठरवलेल्या माणसाचं तोंड मला कळतं, कारण आरशात मला तेच दिसतं.

"विचारा की मामंजींना," ही म्हणाली. ती तांदूळ निवडत होती आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"काय विचारायचं?"

"तीन वेळा फजिती झाली, आता चौथी होऊ नये म्हणून काय करायचं, ते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"चुन्यातलं नाही कळत. तुम्हा दोघांमधलं कळतं. तीस वर्षं त्याच्यातच राहतेय मी."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं तसं मी केलं. संध्याकाळी ओसरीच्या पायरीवर बसलो, चपलेतली वाळू झटकली आणि म्हणालो, "बाबा, माझ्या एका मित्राला चुन्याचं जरा विचारायचं होतं." "कुठल्या मित्राला?" "आहे एक. तुम्ही नाही ओळखत." बाबांनी चेहरा अंगणातल्या पत्र्याकडे वळवला. मग म्हणाले, "त्याला म्हणावं, फावड्याचा आवाज फार पातळ येतो. पाणी घालतोस. चुना पाण्यानं नरम करायचा नसतो, कुटून करायचा असतो." मी खाली मान घातली. "आणि त्याला म्हणावं," ते पुढे म्हणाले, "कुठली भिंत, कुठला दगड, ते हात लावून बघितल्याशिवाय मी पुढचं काही सांगणार नाही. बोलण्यावर चुना शिकवत नसतात."

हात लावून बघितल्याशिवाय. ती भिंत. तो हात. मी पाच दिवस टाळाटाळ केली. या ना त्या कारणाने त्यांना न्यायचं राहून जायचं, आणि कारणं सगळी माझीच. दरम्यान परांची बांधून झाली होती आणि मी सिमेंटच्या दरजा फोडायला सुरुवात केली होती. यंत्राने नाही, बारीक छिन्नीने, कारण यंत्र दगडाची कड खातं. स्वतःचं काम स्वतः फोडणं हा एक अनुभव आहे. ते फुटत नव्हतं. मी इतकं पक्कं केलं होतं की मलाच माझा अभिमान वाटत होता आणि मलाच माझी चीड येत होती, एकाच ठोक्यात दोन्ही. दरज निघाली की आतला दगड काळपट, ओला. डॉक्टर मधूनमधून खिडकीतून डोकावायची. दवाखान्यातल्या मागच्या भिंतीचा रंग पोपडे होऊन खुर्चीतल्या पेशंटच्या अंगावर पडतो, असं तिने सांगितलं होतं, आणि पावसाच्या आत हे व्हायला हवं होतं. पाचव्या दिवशी मी उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यापाशी पोचलो. वेल तिथपर्यंत गेलेला होता, तो मी कापला, आणि त्यामागे आठ-दहा दगड होते, कालच बसवल्यासारखे कोरे. कडा शाबूत, तोंडं शाबूत. मधल्या दरजा पांढुरक्या, किंचित आत घेतलेल्या, कुठे उठाव नाही, गोलाई नाही, कारागिरी दाखवायचा कसलाच सोस नाही. त्यांच्या खाली, जिथे बाबांचं काम थांबलं तिथून माझं सुरू झालेलं. जिथून माझं सुरू झालं तिथून भिंत झिजलेली. दोरी धरून आखल्यासारखी सरळ ओळ होती ती. मी छिन्नी खाली ठेवली. मला रडू आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. मग डोळे पुसले, उतरलो, टेम्पो काढला आणि घरी जाऊन बाबांना म्हणालो, "चला."

"कुठं?"

"भिंत बघायला."

त्यांनी धुतलेला शर्ट मागितला. टेम्पोत पुढे बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. गल्लीत उतरवून घेतलं, कोपराला धरून भिंतीपर्यंत नेलं. डॉक्टर मागच्या दाराने बाहेर आली, हातमोजे काढत. माझे वडील म्हटल्यावर तिने वाकून त्यांना नमस्कार केला, खुर्ची मागवली, ते म्हणाले, नको. त्यांनी दोन्ही तळवे दगडावर ठेवले. मग एक हात दरजेवर गेला, अजून न फोडलेल्या. अंगठा गोलाईवरून हळूहळू पुढे सरकला, वरच्या कडेला गेला आणि थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. मी माझ्याच पायांकडे पाहत होतो. ती पट्टी त्यांनी घडवली होती, तिची खोच त्यांना माहीत होती, मला ओरडलेही होते तेव्हा त्या खोचेवरून. चोराच्या मनात चांदणं असतं तसं माझ्या मनात त्या वेळी भर दुपारचं ऊन होतं. आणि डॉक्टर, तिला बिचारीला काय ठाऊक, बोलून गेली, "मिस्त्री सांगत होते, हे ज्यानं केलं तो गवंडी आता हयात नाही."

"नाही?" बाबा म्हणाले.

"नाही. मेला म्हणाले."

बाबांचा अंगठा रेघेवरच होता. "हो का," ते म्हणाले. "वाईट वाटलं. ओळखत होतो मी त्याला." मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा भिंतीकडे होता. "तरुण होता. घाईत असायचा. माल चुकीचा घातला त्यानं, पण बाई, तुम्ही हात बघा त्याचा. दरज कुठं हलली आहे का? इकडून तिकडपर्यंत रेघेत आहे. असा हात मी माझ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. त्याला तसं सांगायचं मात्र राहून गेलं."

आता इथे मी मोठ्या मनाने, सत्याला स्मरून वगैरे कबुली दिली असं कुणी समजू नये. मला ते सहन झालं नाही, एवढंच. एकतीस वर्षं मी ज्या एका वाक्यासाठी मोठमोठ्या भिंती उभ्या केल्या, पेपरात फोटो छापून आणला, चारचौघांत फुशारक्या मारल्या, ते वाक्य बाबा एका परक्या बाईला सांगत होते आणि ते एका मेलेल्या माणसाच्या पदरात पडत होतं. मी त्याला मारलं होतं आणि तोच सगळं घेऊन चालला होता. "डॉक्टर," मी म्हणालो, आणि आवाज नेहमीसारखा मोठा लागला, त्याला माझा इलाज नाही, "तो मेला नाही. तो मीच. ही भिंत मी केली. हे सांगत होते चुना वापर, मी ऐकलं नाही. यांनाच खाली बस म्हणालो."

समोरच्या इमारतीतली एक बाई चादर झटकायची थांबली. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिली. "म्हणजे त्या दिवशी गाढव म्हणालात ते स्वतःलाच?"

"म्हणालो तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं."

"मग मेला का म्हणालात?"

"लाज वाटली."

ती हातमोजे एकात एक गुंडाळत होती. "गेल्या महिन्यात एक पेशंट आले होते माझ्याकडे," ती म्हणाली. "दात बघितला आणि मी म्हटलं, आधीच्या डॉक्टरनं काय वाट लावलीय हो. त्यांनी जुना कागद काढून दाखवला. खाली माझीच सही." बाबा हसले. पोट हलवून हसले. मला आठवतं तेव्हापासून ते असे हसले नव्हते. डॉक्टर मात्र हसली नाही. "चूक मी समजू शकते, मिस्त्री. पण तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, ते मला आवडलेलं नाही. काम तुम्हीच पूर्ण करायचं. आणि चुना हे सांगतील तसा." तिने बाबांकडे हात केला. मी हो म्हणालो. परतताना टेम्पोत बाबा एवढंच म्हणाले, "खड्डा सावलीत खण. उन्हात नको."

त्यानंतरचे तीन आठवडे मी त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी केली. चुना भिजला, बसला, लोण्यासारखा झाला. रोज सकाळी मी त्यांचं बोट धरून खड्ड्यात बुडवायचो आणि ते मान हलवायचे, अजून नाही. शेवटी एका सकाळी म्हणाले, झालाय. वाळू त्यांनी मुठीत घेऊन कानाशी चोळली, करकरली तेव्हा घेतली. मग मी कुटायला बसलो. घट्ट होतं, माझा हात सवयीने पाण्याच्या बादलीकडे गेला आणि त्यांनी बादली पायाने दूर सारली. ती कुठे आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. तासभर कुटलं. दंड भरून आले, शर्ट घामाने पाठीला चिकटला, आणि एका क्षणी तो गोळा आपण होऊन नरम पडला, पाण्याचा एक थेंब न घालता. त्यांनी थोडा उचलून भिंतीवर फेकला. तो चिकटून राहिला. "आता याला कळलं कुठं राहायचं ते," बाबा म्हणाले. मी इतका खूश झालो की मुलींना फोन करून सांगितलं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, तरी त्या म्हणाल्या, "वा बाबा."

भरायला सुरुवात करायची त्या दिवशी सकाळी आम्ही दोघेच होतो. भिंतीवर आदल्या दिवसापासून पाणी मारलेलं होतं, ओली पोती वरून सोडलेली होती. गल्लीत बाबांची खुर्ची परांचीच्या पायाशी मांडली. मी वर घमेलं चढवायला दोर बांधत होतो, आणि ते खुर्चीत बसल्या बसल्या मान वळवून मागच्या बाजूला, इमारतींकडे, पाहत असल्यासारखे म्हणाले, "फाटक कुठं होतं रे? इथंच ना?"

"हो. त्या खांबापाशी."

"त्या दिवशी उतरलो ना मी, तो फाटकापाशी थांबलो होतो."

दोर माझ्या हातात तसाच राहिला. "किती वेळ?"

"तुम्ही सिमेंट कालवलंत, ते ऐकू येत होतं. मग मजूर जेवले. मग मैदानातनं मुलं शाळेतून घरी गेली. म्हटलं, हाक मारशील."

"मला वाटलं, तुम्ही रागानं निघून गेलात."

"राग होताच. राग असला म्हणून काय झालं? थांबलो होतो ना." त्यांनी चेहरा वर, भिंतीकडे केला. "आणि कोपरा अर्धा टाकून मी उतरायला नको होतं. गवंडी असं उतरत नाही. ते माझं चुकलं."

मी परांचीवर चढलो. उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसलो, जिथे त्यांची दरज संपत होती, घमेलं ओढून घेतलं आणि पहिला घास चपट्या पट्टीने आत दाबला, मग दुसरा. चुना दगडाला धरत होता. उठाव ठेवला नाही, किंचित आत घेतला, त्यांच्यासारखा. दोन वीत काम झालं आणि मी मागे सरकून पाहिलं तर त्यांची दरज कुठे संपली आणि माझी कुठे लागली, ते मलाच सांगता येईना. ते चांगलं झालं होतं. ते मला कळत होतं, विचारायला काही उरलं नव्हतं, पाणी बरोबर, वाळू बरोबर, हात बरोबर. मी परांचीच्या कडेवरून खाली वाकलो. खुर्चीत ते चेहरा वर करून बसले होते, डोळे मिटून, उन्हात. सगळ्या गल्लीला ऐकू जावी इतकी मोठी हाक मी मारली.

"बाबा!"

"आलो," ते म्हणाले, आणि खुर्चीतून उठून परांचीचा बांबू चाचपू लागले.